रक्तपिपासूचे स्त्रीलिंग

इंग्रजीतील काही शब्द मराठीत येताना आपले कुळ वेशीबाहेर ठेवून येतात. 'व्हँप' हा त्यांपैकी एक. हिंदी चित्रपटाविषयी बोलताना हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की तो मुळात 'व्हँपायर' या शब्दाचा तुटलेला तुकडा आहे, असे वर्गात सांगितले की विद्यार्थी चमकून वर पाहतात. झगमगीत पोशाख, ओठांच्या कोपऱ्यात तिरके हसू आणि दुसऱ्याच्या संसारावर डोळा, एवढ्या सामग्रीवर आपली व्हँप उभी राहते. शवपेटी, सुळे, लसणाची माळ आणि सूर्यप्रकाशाचे भय यांच्याशी तिचे नाते काय, असा प्रश्न कोणालाही पडावा. ते नाते आहे, आणि सोलापूरकर म्हणून आम्हांस त्यात थोडा अधिक रस आहे. कारण या शब्दाला हिंदी पडद्यावर ज्यांनी ठसठशीत चेहरा दिला, त्या शशिकला (माहेरच्या जवळकर) यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ रोजी सोलापुरात झाला.

नट आणि नटी आपल्या दुष्ट भूमिका मायेने का आठवतात, हा या लेखाचा विषय. सज्जनांच्या भूमिका त्यांना मानसन्मान देतात. पण निवांत गप्पांत आठवण निघते ती बहुधा कोणाचा तरी गळा घोटल्याची, कोणाचे तरी घर फोडल्याची. ही माया कशाची? आणि ती सर्वांना सारखीच परवडते का?

प्रथम शब्दाचा मागोवा घेऊ. ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील रक्तपिपासू हा पुरुष, त्यातही सरदार, वाड्याचा आणि वंशावळीचा धनी. त्याच वर्षी फिलिप बर्न-जोन्स या चित्रकाराने 'द व्हँपायर' नावाचे चित्र लंडनमध्ये मांडले, आणि त्याला जोडून रुडयार्ड किपलिंग यांनी त्याच नावाची कविता लिहिली. या दोहोंत रक्तपिपासू आहे ती स्त्री, आणि तिच्यापुढे गलितगात्र पडलेला आहे तो पुरुष. या कवितेवरून नाटक निघाले आणि नाटकावरून १९१५ साली 'अ फूल देअर वॉज' हा मूकपट. त्यातील थीडा बारा या नटीच्या पात्राला नावच नाही. ती केवळ 'व्हँपायर' आहे. सिनसिनाटी शहरातील या थिओडोशिया गुडमनला तिच्या चित्रसंस्थेने इजिप्तमध्ये जन्मलेली गूढ स्त्री म्हणून जाहिरातींत उभे केले, आणि 'व्हँपायर'चे 'व्हँप' झाले ते त्या लाटेत. पुढे १९३७ सालच्या आगीत तिच्या बहुतेक चित्रपटांच्या प्रती जळून गेल्या. चित्रपट गेले, शब्द उरला.

शब्दाच्या या कातरकामात एक गोष्ट घडली, तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी पाहायला हवे. मूळ शब्द अखंड होता तेव्हा त्यात पुरुष होता. तो आखूड झाला आणि स्त्रीच्या वाट्याला आला. पुरुषासाठी 'काउंट ड्रॅक्युला' हे सन्मानदर्शक नाव राहिले, आणि स्त्रीसाठी एक सामान्यनाम. मराठीतही तेच. वाईट पुरुषाला आपण 'खलनायक' म्हणतो, म्हणजे त्याच्या खलत्वातही नायकत्व शिल्लक ठेवतो. 'खलनायिका' हा शब्द आपल्याजवळ असूनही बोलण्यात येतो तो 'व्हँप'. नायिकापण तिच्याकडून आधीच काढून घेतलेले असते.

पुरुष ड्रॅक्युलांना भूमिकेने सुखाने जगू दिले, असे मात्र नाही. बेला लुगोसी यांनी १९२७ साली ब्रॉडवेच्या रंगमंचावर आणि १९३१ साली पडद्यावर ड्रॅक्युला उभा केला. १९५६ साली ते वारले तेव्हा त्यांना ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरण्यात आले. क्रिस्टोफर ली यांनी १९५८ पासून तीच भूमिका वारंवार केली; १९६६ सालच्या एका चित्रपटात तर त्यांच्या तोंडी एकही संवाद नाही, केवळ फूत्कार आहेत. या एकाच ओळखीचा कंटाळा त्यांनी पुढे कधी लपवला नाही. आपल्याकडे रॅमसे बंधूंनी १९९० साली 'बंद दरवाजा' काढून हिंदी ड्रॅक्युला आणला, आणि त्याही आधीपासून नारायण धारप यांनी परकी भुते मराठी वाड्यांत आणून वसवली होती. स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या कादंबरीवर बेतलेली त्यांची 'लुचाई' आमच्या पिढीने दिवसाउजेडीच वाचली. या सगळ्या पुरुषांच्या बाबतीत एक गोष्ट समान होती. भूमिकेने त्यांचे रक्त शोषले असेल, पण लोकांनी त्यांना भूमिका मानले नाही. क्रिस्टोफर ली खरोखर रक्त पितात, असे कोणाच्या मनात आले नसेल. सुळे फारच लांब होते.

आपल्या परंपरेत अभिनयासाठी एक सुंदर शब्द आहे, तो म्हणजे परकायाप्रवेश. नट भूमिकेत 'शिरतो' असे आपण म्हणतो तेव्हा या शब्दाची सावली मागे असते. शंकराचार्यांच्या चरित्रकथांत हा प्रसंग प्रसिद्ध आहे. अमरुक राजाच्या मृत देहात ते प्रवेश करतात, त्या देहाने संसार जाणून घेतात, आणि तोवर त्यांचा स्वतःचा देह गुहेत ठेवून शिष्य त्याची राखण करतात. कथेतील कामशास्त्र आणि वादविवाद यांची चर्चा पुष्कळ होते. राखणदारांची होत नाही. आमच्या मते अभिनयाच्या दृष्टीने कथेचे मर्म तिथे आहे. परकायाप्रवेश निर्धास्तपणे करायचा तर मागे ठेवलेला आपला देह सांभाळणारे कोणीतरी हवे. ते नसेल तर जाणारा परत येईल कुठे?

आम्ही हौशी रंगभूमीवर काही वर्षे काढली आहेत. नव्वदच्या दशकात राज्य नाट्यस्पर्धेसाठी बसवलेल्या एका नाटकात आमच्या वाट्याला सावकार आला होता. विणकरांचे माग गहाण ठेवून घेणारा, गोड बोलून अंगठे उठवणारा, आणि शेवटच्या अंकात एका बाईचे मंगळसूत्र तराजूत टाकणारा. सोलापुरात, जिथे पूर्व भागातील घराघरांत एके काळी मागाचा खडखडाट चाले, तिथे असा सावकार उभा करणे म्हणजे प्रेक्षकांच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवणे होते. मंगळसूत्र तराजूत पडले तेव्हा प्रेक्षागृहात जी शांतता पसरली, ती आजही आठवते. इतकी माणसे एकाच वेळी आपला द्वेष करत आहेत, ही जाणीव भीतीची असायला हवी. प्रत्यक्षात ती अपार सुखाची होती. प्रयोग संपल्यावर एक पद्मशाली आजी रंगपटात आल्या. आमच्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "किती रगत प्यालास रे माणसांचं, मेल्या!" आणि पिशवीतून काढलेली शेंगापोळी हातावर ठेवली. शिवी सावकाराला होती, शेंगापोळी आम्हांला. आमचा देह त्या आजींनी राखला होता.

दुष्ट भूमिकेची आठवण गोड का वाटते, याचे एक उत्तर त्या रात्री मिळाले. अशी भूमिका नटाला क्रियापद देते. सज्जन पात्रांवर गोष्टी घडतात. दुर्जन गोष्टी घडवतो. तो आत येतो तेव्हा दृश्य हलू लागते. पुरुष नटाला नायकाच्या भूमिकेतही थोडे तरी क्रियापद मिळते. साठच्या दशकातील हिंदी चित्रपटाच्या नायिकेला मात्र सोसणे, वाट पाहणे आणि रडणे याखेरीज फारसे काही करायला नसे. इच्छा बाळगणारी, डाव रचणारी, भरभर चालणारी, मोठ्याने हसणारी स्त्री हवी असेल तर ती व्हँपच्या भूमिकेतच सापडे. नटीला काम करायचे असेल तर तिला वाईट व्हावे लागे.

शशिकलाबाईंकडे पाहायचे ते या प्रकाशात. भावसार कुटुंबातील ही मुलगी लहानपणीच सोलापूर जिल्ह्यातील गावोगावी नाच, गाणे आणि अभिनय करत असे. वडिलांचा कापडाचा व्यवसाय बुडाला आणि कुटुंब मुंबईला गेले. मुलीच्या अंगातील कलेवर घर चालेल या आशेने. कापडाच्या गावातून कापडाच्या धंद्यात बुडून निघालेल्या कुटुंबाची ही गोष्ट सोलापुरात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. नूरजहाँ यांच्या आधाराने तिला १९४५ सालच्या 'झीनत' या चित्रपटातील स्त्रियांच्या प्रसिद्ध कव्वालीत स्थान मिळाले. पुढची कितीतरी वर्षे मिळेल ते काम करण्यात गेली. १९५९ साली बिमल रॉय यांच्या 'सुजाता'मध्ये ती रमा झाली: उच्चवर्णीय घरातील लाडकी मुलगी, पण त्याच घरात वाढलेल्या दलित सुजातावर निखळ प्रेम करणारी. ती भूमिका आज पाहिली की लक्षात येते, या चेहऱ्यात जन्मजात दुष्टपणा काहीही नव्हता. खळाळता आनंद मात्र भरपूर होता.

मग १९६२ साली राजश्रीचा 'आरती' आला. दिग्दर्शक फणी मजुमदार, नायिका मीनाकुमारी. शशिकलाबाई त्यात नायिकेची मोठी जाऊ जसवंती झाल्या, आणि १९६३ साली त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. स्टोकर यांच्या कादंबरीत एक नियम आहे: घरातील कोणी बोलावल्याशिवाय रक्तपिपासू पहिल्यांदा उंबरठा ओलांडू शकत नाही. तोवरच्या हिंदी व्हँपने हा नियम बराचसा पाळला होता. ती क्लबात असे, हॉटेलात असे, नायक वाट चुकला की तिच्याकडे जाई. जसवंतीला आमंत्रणाची गरजच नाही. ती आधीपासून उंबरठ्याच्या आत आहे, साडी नेसून, स्वयंपाकघराच्या किल्ल्या हातात घेऊन. एकत्र कुटुंबात वाढलेल्या प्रेक्षकाला ही जाऊ ओळखीची होती, आणि म्हणूनच ती ड्रॅक्युलापेक्षा भयंकर होती. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर जुना चित्रपट लागला आणि शशिकलाबाईंची पावले दारात दिसली की आमच्या आजीच्या पिढीतील बायका पदर सावरून पुढे सरकत. "आली बया!" या उद्गारात तिरस्कार असे तेवढीच उत्सुकताही असे. आता काहीतरी घडणार होते.

आणि तिथेच देहाच्या राखणीचा प्रश्न उभा राहतो. ललिताबाई पवार यांची हकिगत येथे आठवावी. १९४२ साली एका चित्रीकरणात बसलेल्या चपराकीने त्यांच्या चेहऱ्याचा भाग लुळा पडला आणि डाव्या डोळ्यात कायमचे व्यंग राहिले. नायिकेची वाट बंद झाली. त्या जखमी डोळ्यालाच पुढे प्रेक्षकांनी खाष्ट सासूचा कपटी डोळा म्हणून वाचले. अपघाताची खूण चारित्र्याची खूण ठरली. निळूभाऊ फुले यांनाही गावोगावच्या बायका शिव्या घालत. ते त्या शिव्यांना आपल्या कामाची पावती मानत. 'सामना'तील त्यांचा साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील हा मराठी पडद्यावरचा अस्सल रक्तपिपासू, आणि तो पडद्यावर आणणारे दिग्दर्शक जब्बार पटेल हे सोलापुरात शिकलेले, हेही जाता जाता सांगायला हवे. परंतु निळूभाऊंच्या बाबतीत महाराष्ट्राला दुसरेही निळूभाऊ ठाऊक होते: राष्ट्र सेवा दलातले, पुण्यात बागकाम केलेले, चळवळींत वावरणारे. त्या दुसऱ्या माणसाच्या गोष्टी पहिल्याच्या गोष्टींइतक्याच चवीने सांगितल्या जात. त्यांच्या देहाला राखणदार पुष्कळ होते.

पडद्यावरच्या वाईट स्त्रीला ही सोय क्वचितच मिळाली. तिचे सुळे लांब नव्हते. ती आपल्यासारखी दिसे, आपल्यासारखी बोले, त्यामुळे ती 'तशीच असेल' असे मानणे सोपे होते. ड्रॅक्युलाचे प्रतिबिंब आरशात पडत नाही. जोनाथन हार्करच्या दाढीच्या आरशात तो दिसत नाही, असे स्टोकर यांनी लिहिले आहे. व्हँपच्या बाबतीत उलटे होते. आरशात फक्त भूमिका दिसते, आणि आरशासमोर उभी असलेली बाई दिसेनाशी होते. १९६६ साली एकाच वर्षी शशिकलाबाई 'फूल और पत्थर'मध्ये रीटा होत्या आणि हृषीकेश मुखर्जी यांच्या 'अनुपमा'मध्ये ॲनी. ॲनी ही तर त्या चित्रपटातील सर्वांत उमद्या मनाची मुलगी. एकाच वर्षातील या दोन स्त्रिया शेजारी ठेवल्या तर नटीचा आवाका कळतो. लोकांच्या लक्षात मात्र रीटाच्या जातकुळीतली बाई अधिक राहिली.

पुढे शशिकलाबाईंनी काही काळ मदर तेरेसा यांच्या संस्थेत रुग्णसेवा केली. या घटनेचे वर्णन पुष्कळदा प्रायश्चित्ताच्या सुरात केले जाते, जणू पडद्यावर केलेल्या पापांची ती फेड होती. आम्हांला हा सूर मान्य नाही. जसवंतीने केलेल्या कारस्थानांचे शशिकलाबाईंनी कोणाला काय देणे होते? त्यांनी सेवा केली ती त्यांची स्वतःची होती. तिला भूमिकांच्या खतावणीत जमा करणे म्हणजे बाईला पुन्हा एकदा व्हँपच ठरवणे. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मृत्युलेखांतही 'व्हँप' हा शब्द होताच.

आता एक जुने भाषांतर पाहू. १८७० साली रिचर्ड बर्टन यांनी आपल्या वेताळकथांचे स्वैर इंग्रजी रूपांतर केले आणि त्याला नाव दिले 'विक्रम अँड द व्हँपायर'. 'चांदोबा'त वेताळ वाचलेल्या आणि १९८५ साली दूरदर्शनवर सज्जन यांचा बेताळ पाहिलेल्या माणसाला हे भाषांतर खटकते. आपला वेताळ कोणाचे रक्त पीत बसत नाही. तो प्रेतात शिरतो, राजाच्या खांद्यावर बसतो, गोष्ट सांगतो, आणि शेवटी विचारतो: सांग राजा, यात दोषी कोण? उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोके फुटेल. राजाने उत्तर दिले की वेताळ पुन्हा झाडावर. परक्या देहात शिरून गोष्ट सांगणाऱ्याला आपण दुसरे एक नाव देतो, ते म्हणजे नट. बर्टन यांनी वेताळाला व्हँपायर केले. हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकांनी नटीच्या बाबतीत नेमके तेच केले. ती गोष्ट सांगत होती, आणि लोकांनी मानले की ती रक्त पिते.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते १९६३ सालच्या 'गुमराह'मध्ये. बी. आर. चोप्रा यांच्या या चित्रपटासाठी शशिकलाबाईंना ओळीने दुसऱ्या वर्षी तेच पारितोषिक मिळाले. नायिका मीना हिचे राजेंद्रवर प्रेम असते. बहीण अचानक मरण पावते आणि तिच्या मुलांसाठी मीनाला मेहुण्याशी लग्न करावे लागते. जुना प्रियकर पुन्हा भेटू लागतो. अशा वेळी लीला नावाची बाई येते, आपण राजेंद्रची बायको आहोत असे सांगते आणि मीनाला धमकावून पैसे उकळू लागते. प्रेक्षक तिचा मनसोक्त द्वेष करतो. अखेरीस उलगडते ते असे: लीला राजेंद्रची बायको नाहीच. ती मीनाच्या नवऱ्याची सेक्रेटरी आहे, आणि हे सारे नाटक तिने त्याच्या सांगण्यावरून केलेले आहे. म्हणजे पडद्यावरची रक्तपिपासू ही एक नोकरी करणारी बाई होती, आणि तिला दुष्टपणाचा पगार देणारा होता तो सुशिक्षित, प्रतिष्ठित, शांतपणे बोलणारा पती. चित्रपट त्याला क्षमाशील ठरवतो. प्रेक्षकही ठरवतो. लीलाबद्दलचा राग मात्र पूर्ण जात नाही.

वेताळपंचविशीचा शेवट ज्यांना आठवतो त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. शेवटच्या गोष्टीला राजापाशी उत्तर नसते. तो गप्प राहतो, आणि प्रसन्न झालेला वेताळ त्याला सावध करतो: ज्या योग्याने तुला हे प्रेत आणायला पाठवले, तोच तुझा बळी देणार आहे. खांद्यावरचे भूत भयंकर दिसत होते. घातक होता तो स्मशानात आसन घालून बसलेला सभ्य साधक. पंचवीस कथा भर ज्याची भीती बाळगली तोच हितकर्ता निघतो.

दुष्ट भूमिकांविषयी नटांना वाटणारी माया आम्ही अशी समजतो. वेताळाला आपल्या गोष्टींविषयी वाटावी तशी ती माया आहे. प्रत्येक प्रयोगात आपण प्रेतात शिरलो, कोणाच्या तरी खांद्यावर बसलो, आणि दोषी कोण हा प्रश्न त्या माणसाला टाळता येणार नाही अशा जागी आणून ठेवला, याचा तो आनंद आहे. आम्हांला तो एका शेंगापोळीसह मिळाला. सोलापुरातून निघालेल्या शशिकला जवळकरांनी तो आमच्या हजारपट कमावला. त्यांच्या चालीतला डौल, भुवईची उचल आणि संवादानंतरचे ते लहानसे हसू पाहताना कामाचा आनंद लपत नाही. वर्गात 'आरती' किंवा 'गुमराह' दाखवण्याचा योग आला तर विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवू: ही बाई वाईट आहे का, हे विचारू नका. तिने ते वाईटपण कोणासाठी वाहिले, आणि त्या वेळी सभ्य माणसे आसनावर बसून काय करत होती, हे पाहा. बोलायला थोडा वेळ लागला तरी चालेल. उत्तर माहीत असून गप्प राहू नये, एवढी अट वेताळाने घातलेलीच आहे.